तळ्याकाठचे बूट

आमच्याकडे लग्नाची पंगत उठली, की मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून पाच-दहा माणसं बसतात आणि कोणीतरी मला म्हणतं, "भाऊ, ते पासपोर्टचं सांगा ना." मी आधी नाही म्हणतो. नाही म्हणण्याचंही एक माप असतं. जास्त ताणलं तर लोक खरंच तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला निघून जातात. मग सुरू करतो. पोरीला जपानमध्ये नोकरी लागली, तिचा पासपोर्ट घरी आला, घरात उंदीर फार, म्हणून या शहाण्यानं तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून धानाच्या ढोलीत ठेवला. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली, माणसाएवढी उंच कोठी. ठेवला आणि विसरला! मग स्वतःच ठेवलेली वस्तू स्वतःच शोधतो आहे. खाटेखाली बॅटरी मारतो आहे, गुरांच्या कोठ्यात पाहतो आहे, पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला पोरीला गाडीवर बसवून नेतो आहे. विमान गेलं. त्यानंतर बायकोनं भरडाईसाठी धान काढलं, तर धानासोबत पासपोर्टवरचे तीन सिंह बाहेर! इथं मी बायकोच्या चेहऱ्याची नक्कल करतो. लोक गुडघ्यावर हात मारून हसतात.

ही गोष्ट मी तीन वर्षं सांगत होतो. तिच्यात खोट एकच होती. मी विसरलो नव्हतो.

पोरगी तिरोड्याला कामासाठी गेली होती, तेव्हा मी बाही वर करून खांद्यापर्यंत हात धानात घातला आणि पासपोर्ट खोल दाबून ठेवला. तिनं जाऊ नये म्हणून. तिच्यासोबतच्या पोरी ठरल्या विमानानं गेल्या, ती राहिली आणि चार महिन्यांनी दुसऱ्या तुकडीसोबत गेली. हे तिला माहीत नव्हतं. ती समजत होती, आपला बाप धांदरट आहे. बाप धांदरट आहेच. त्यामुळे माझ्यावर कोणी संशय घेतला नाही. धांदरटपणाचा असा फायदा दुसऱ्या कोणी उचलल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मागच्या उन्हाळ्यात पोरीनं आम्हा दोघांना तिकडे बोलावलं. बायको म्हणाली, म्हैस आत्ताच व्याली आहे, मी येत नाही, तुम्ही जा. आणि बॅग भरता भरता तिनं मला काम दिलं.

"दहा दिवस आहेत तुमच्याजवळ. तिले खरं सांगून या."

"कोणतं खरं?"

"जास्त हुशारी नोका करू. पासपोर्ट मुद्दाम लपवला, माहं चुकलं. एवढंच बोला. आन तुमची ते गोष्ट सांगत बसू नोका. तुमी हसवाले लागता आन खरं बाजूलेच राह्यते."

चाळीस वर्षांच्या संसारात तिनं माझं इतकं नेमकं वर्णन पहिल्यांदाच केलं.

पोरगी तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या निवासात काम करते. त्यांना उठवणं, आंघोळ घालणं, भरवणं. तिची खोली आमच्या माजघराच्या अर्धी. मी पहिल्या दिवशी सांगणार होतो. ती मला घ्यायला दोन गाड्या बदलून आली होती, थकलेली होती. दुसऱ्या दिवशी तिची कामाची पाळी होती. तिसऱ्या दिवशी मी जेवताना घसा साफ करून "तो पासपोर्ट..." एवढं म्हणालो, तर ती म्हणाली, "जवळ आहे ना? पाहा बा, इथं ढोली नाही," आणि तोंडावर हात घेऊन हसत सुटली. माझीच गोष्ट माझ्यावर उलटली. मीही हसलो. करणार काय?

रोज संध्याकाळी घरून फोन. "झालं का बोलून?" मी म्हणायचो, "आवाज कटून राहिला." इतका स्वच्छ आवाज मला गोंदियातून तिरोड्याला कधी ऐकू आला नव्हता.

असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी तिला सुट्टी होती आणि संध्याकाळी माझं विमान. ती म्हणाली, आज तुम्हाला एक जुनं देऊळ दाखवते, त्याची बाग फार प्रसिद्ध आहे, लोक दुरून येतात. मी मनाशी ठरवलं, बागेत. बागेत माणूस मोकळा बोलतो. हे मी कुठून काढलं होतं कोण जाणे, कारण आमच्या गावात बागच नाही.

देवळाच्या दाराशी शेंदरी रंगाची दोन खांबांची उंच कमान. आत दगडी कुंड, त्यावर बांबूच्या मुठीच्या लांब दांड्याच्या पळ्या मांडलेल्या. आपल्याला देवळात पळीचं पाणी म्हणजे काय ते माहीत आहे. मी उजव्या हाताची ओंजळ केली, तीर्थ घेतलं, प्यालो, उरलेलं डोक्यावरून फिरवलं आणि दुसऱ्यांदा पळी भरली.

"बाबा! हात धुवाचं पाणी आहे ते!"

मागे एक आजोबा अत्यंत सभ्यपणे दुसरीकडे पाहत होते. तिथली माणसं तुमची फजिती पाहत नाहीत. आमच्याकडे निदान कोणी तरी मोठ्यानं हसतं आणि विषय संपतो.

पुढे गाभाऱ्यासमोर दोनदा वाकायचं, दोनदा टाळी वाजवायची, पुन्हा एकदा वाकायचं, असं तिनं शिकवलं. वाकलो. पण टाळी एकदा सुरू झाली, की माझ्या हातांना दोनवर थांबायची सवय नाही. आमच्या टाळ्या आरती संपेपर्यंत चालतात. सहाव्या टाळीला तिनं माझा हात धरला. मी देव शोधत होतो, तर समोर पडदा, पडद्यामागे अंधार. म्हटलं, देव दाखवत नाहीत तर ठीक आहे, प्रदक्षिणा तरी घालू. डावीकडून गेलो तर लाकडी कुंपण लागलं. कुंपणाच्या कडेकडेनं गेलो, तर एका कचेरीच्या मागच्या दारी निघालो. तिथं पांढऱ्या अंगरख्यातला एक पुजारी डबा खात होता. त्यानं डबा बाजूला ठेवला, उभा राहिला आणि मला वाकून नमस्कार केला. मी त्याला केला. त्यानं पुन्हा केला. हा प्रकार कुठं थांबवायचा ते मला कळेना, म्हणून मी वाकत वाकत उलट्या पावलांनी परत आलो.

"कुठं गेले होते?"

"प्रदक्षिणेले."

"इथं नसते बाबा प्रदक्षिणा."

"मंग घरातून इतक्या दूर कायले आलो?"

हे मी बोललो ते देवाबद्दल. पण मला वाटतं, त्यात माझ्या नऊ दिवसांचा सगळा राग होता.

बागेला वेगळं फाटक, वेगळं तिकीट. आत एक मोठं तळं आणि त्याच्याभोवती फिरणारी अरुंद वाट. आता मी तळ्यांच्या प्रदेशातला माणूस आहे. आमच्या बोदलकसा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं, की तो सगळा एका नजरेत मावतो. कोणाची म्हैस कुठं पाण्यात आहे तेसुद्धा दिसतं. इथं तसं नव्हतं. वाट दहा पावलं सरळ गेली, की वळायची. समोर टेकाड यायचं, नाही तर म्हाताऱ्या झाडाची लाकडी टेकू दिलेली फांदी यायची. तळ्याचा एक तुकडा दिसायचा आणि झाकला जायचा. जांभळ्या फुलांचे घोस मांडवावरून लोंबत होते, तेही वळण घेतल्यावरच दिसले. पाण्यात हातभर लांब, लाल-पांढरे मासे निर्धास्त फिरत होते. त्यांना कोणी कधी रश्श्यात पाहिलं नसावं.

मी वैतागून म्हणालो, "सरळ बांधाले काय झालं होतं? काहीच धड दिसून नाही राहिलं."

"मुद्दाम लपवतात बाबा. सगळं एकदम दिसू नाही म्हणून."

"मुद्दाम लपवतात?"

"हाव. त्यातच त गंमत आहे."

मला ठसका लागला. तिनं पाठीवर हात फिरवला, बाटली दिली. यापेक्षा चांगली वेळ येणार नव्हती. मी पाणी प्यालो, तोंड पुसलं, म्हणालो, "पोरी, लपवण्यावरून आठवलं..." आणि तिचा फोन वाजला.

तिच्या निवासातून होता. कोणी आजी औषध घ्यायला तयार नव्हत्या, त्यांना हीच पाहिजे होती. फोनवर मोठ्यानं बोलायचं नाही, असा तिथला नियम, म्हणून ती मला म्हणाली, "फाटकाजवळ जाऊन बोलून येते. तुम्ही इथंच थांबा. इथंच हां बाबा, या बाकावर." मी मान हलवली. लहानपणी मी तिला गोंदियाच्या बाजारात असंच बजावायचो. ती थांबायची.

मी पाच मिनिटं थांबलो. मग बाकासमोर तळ्यात गोल दगडांची रांग दिसली. एक पाऊल, एक दगड, अशी ती पाण्यातून नागमोडी जाऊन एका छोट्या बेटावर पोचत होती. बेटावर कोंबड्यांच्या खुराड्याएवढं, पण देखणं, लाकडी देऊळ. म्हटलं, हा देव तरी जवळून दिसेल. त्याला हात जोडतो, बोलायचं बळ मागतो आणि परत येतो.

देवाकडे जायचं तर पायांत जोडे कसे राहतील? हा विचार मी केलासुद्धा नाही. पाय आपोआप मोकळे झाले. नवे काळे बूट, पोरीनंच इथं आल्यावर घेऊन दिलेले. पाण्याच्या काठावर जोडीनं नीट ठेवले, टोकं पाण्याकडे, मोजे घडी करून आत. धूळ नको म्हणून रुमाल अंथरून त्यावर ठेवले. आयुष्यात एवढ्या व्यवस्थितपणे मी जोडे कधी काढले नव्हते. घरी एक ओट्यावर असतो आणि एक कुत्र्याकडे.

दगडांवरून गेलो. देवाला नमस्कार केला. परत वळलो, तर मागून माणसांची रांग. वाट एकेरी. मी उलटा जायला लागलो, तर पुढचा माणूस वाकला, मागचा वाकला, पण जागा कोणी देईना. द्यायला जागाच नव्हती, दोन्ही बाजूंना पाणी. शेवटी मीच हार मानली आणि पुढे गेलो. पुढची वाट मला वाटली तळ्याला वळसा घालून बाकाजवळ येईल. ती दुसऱ्या तळ्याकडे गेली. तिथं बारीक खडी अंथरलेली. मी आयुष्यभर धानाच्या खुंटांत अनवाणी चाललेला माणूस. पण त्या खडीनं मला नाचवलं. फोन पोरीच्या पिशवीत होता. कोणाला विचारावं, तर मला जपानीत दोनच शब्द येत होते, 'धन्यवाद' आणि 'माफ करा', आणि त्यांतला कोणता कुठला, यात मी रोज घोळ घालायचो.

तिथं एक छप्पर असलेला लाकडी पूल होता, दोन्ही कडांना बसायला फळ्या. मी बसलो. आता म्हटलं, भरकटलोच आहे, तर तालीम करून घेऊ. "पासपोर्ट मी मुद्दाम लपवला. माहं चुकलं." मनात म्हटलं. मग हळू आवाजात म्हटलं. सरळ म्हटलं, की फार उघडं वाटत होतं. म्हणून सुरुवातीला उंदीर घातले. उंदीर आले, की लोक हसतात, मग ढोली आली, मग तीन सिंह आले. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं, मी लग्नातली गोष्ट सांगतो आहे आणि समोर बसलेली दोन जपानी पोरं माझे हातवारे पाहून खुदखुदत आहेत. मला स्वतःचा असा संताप आला! दोन वाक्यं. मला दोन वाक्यं बोलता येत नव्हती.

उठलो आणि बाहेरच्या कडेनं परत फिरलो. पहिलं तळं दिसायला लागलं, तेव्हा पलीकडच्या काठावर गर्दी दिसली. बागेतले चार-पाच कर्मचारी होते. एक जण मांड्यांपर्यंत रबरी बूट घालून पाण्यात उतरला होता आणि लांब बांबूनं तळ चाचपत होता. मी समजलो. कोणी तरी बुडालं.

आता इथं माझं काम होतं. आमच्या गावच्या तलावातून मी तीन वेळा माणूस काढताना पाहिला आहे. मी खडी-बिडी विसरून पळत गेलो, गर्दीत शिरलो आणि खुणांनी सांगायला लागलो, तिकडे नाही, इकडे पाहा, पाणी जिथून बाहेर पडतं तिकडे सरकतं शरीर. रबरी बूटवाल्यानं माझं ऐकलं बिचाऱ्यानं. तो तिकडे गेला. मी काठावर वाकून बोट दाखवत होतो, "अजून खाली! खाली!" शेजारच्या बाईला मी दुःखानं मान हलवून दाखवली. तिनंही हलवली.

मग गर्दी जरा हलली आणि मला पोरगी दिसली. ती काठावर गुडघे टेकून बसली होती. तिच्या मांडीवर काळे बूट होते.

तिनं आधी माझे पाय पाहिले. अनवाणी, लाल झालेले. मग वर पाहिलं.

दहा दिवसांत ती एकदाही मोठ्यानं बोलली नव्हती. त्या बागेत तर पानांचाही आवाज होत नव्हता. तिथं ती आमच्या वावरात ओरडावं तशी ओरडली, "कुठं मरून राहिले होते तुमी?"

सगळी बाग फिरली आमच्याकडे.

"देवाले गेलो होतो."

"आन बूट काऊन काढले?"

"देवाले जाताना जोडे घालून जाऊ का?"

"पाण्याच्या काठाले? असे जोडीनं? रुमालावर? तुमाले माहीत आहे, इथं असे बूट दिसले त लोक काय समजतात? इथं माणूस जीव द्यायच्या आधी बूट काढून ठेवते बाबा, असेच, मोजे घडी करून!"

मला ते कुठून माहीत असणार? मी म्हणालो, "मले त वाटलं, कोणी बुडालं."

"तुमीच बुडाले होते! तुमालेच शोधून राहिले हे सारे!"

त्यानंतर तिनं मला एकेकापुढे उभं केलं. फाटकावरची बाई, दोन पहारेकरी, एक माळी, पाण्यातून निथळत निघालेला तो रबरी बूटवाला. प्रत्येकापुढे मी कमरेतून वाकलो आणि 'माफ करा' म्हणालो. पहिल्या दोघांना मात्र चुकून 'धन्यवाद' म्हणालो. तिनं कोपर मारलं. कोणीच मला रागावलं नाही. सगळे म्हणत होते, तुम्ही सुखरूप आहात हे चांगलं झालं. तसं पोरीनं भाषांतर करून सांगितलं, दात आवळून.

मग ती त्याच बाकावर बसली. मी बूट घातले आणि शेजारी बसलो. तिनं दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती. म्हाताऱ्यांना उचलणारे, मजबूत हात.

"नऊ दिवस पाहून राहिली तुमाले," ती म्हणाली. "जेवताना काही बोलाले जाता आन गप होता. झोपत नाही. मले वाटलं, काही मोठा रोग झाला. ते सांगाले एकटेच आले. आन मंग हे बूट."

"रोग नाही झाला मले."

"मंग?"

मी तळ्याकडे पाहिलं. मासे परत वर आले होते. मग तिनं माझ्याकडे वळून नीट पाहिलं, एखाद्या हट्टी आजीकडे ती पाहत असेल तसं.

"तुमी मघाशी तिथं उभे राहून बोट दाखवून राहिले होते. इकडे शोधा, तिकडे शोधा. सगळ्यात पुढे."

"मले काय माहीत..."

"पासपोर्ट हरवला तवाही तुमीच सगळ्यात पुढे होते. बॅटरी घेऊन. मले ठाण्यात तुमीच नेलं." ती थांबली. "बाबा, तो तुमी विसरले होते का खरंच?"

उंदीर माझ्या जिभेवर आले. खोटं कशाला सांगू, आले. मी ते गिळले.

"नाही," मी म्हणालो. "तू तिरोड्याले गेली होती. मी तो ढोलीत दाबून ठेवला. तू जाऊ नोको म्हणून. माहं चुकलं."

बस. इतकंच निघालं. लग्नात मला ही गोष्ट सांगायला पंचवीस मिनिटं लागतात.

ती रडली नाही, ओरडली नाही. मला वाटलं होतं, खरं बोललं की छातीवरचं ओझं उतरतं, हलकं वाटतं. लोक असं सांगतात. मला तर आपण चारचौघांत धोतर सोडून बसलो आहोत, असं वाटत होतं. तळ्याकडे पाहत ती म्हणाली, "ते चार महिने मी रोज सकाळी उठून परत शोधाची. तुमी चहा पेत पाहात राहाचे."

पासपोर्ट तर विमान गेल्यावर बारा दिवसांतच सापडला होता. पहिल्या दिवसापासून मोजलं, तरी एकवीस दिवस. पण तिला ते चार महिन्यांएवढे वाटले असतील. मी दुरुस्ती केली नाही. एवढी अक्कल मला त्या दिवशी होती.

मग तिनं विचारलं, "आईले कवा समजलं?"

इथं मी थांबायला हवं होतं. बायकोनं मला दोन वाक्यं देऊन पाठवलं होतं. दोन वाक्यं बोलून झाली होती. पण खऱ्याचंही हातांच्या टाळीसारखंच आहे. एकदा सुरू झालं, की दोनवर थांबायची मला सवय नाही.

"लपवल्यावर पाचव्या दिवशी," मी म्हणालो. "माझ्या बाहीत धानाचं कुसळ दिसलं तिले."

"पाचव्या? आन विमान कवा होतं?"

"नवव्या."

आता कुठं मला कळलं मी काय केलं ते. चार दिवस. चार दिवस बायकोला पासपोर्टची जागा माहीत होती, आणि ती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिलाही पोरगी जायला नको होती. आम्ही दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढला नव्हता. विमान गेल्यावर तिनं ढोली उघडली आणि मोठ्यानं ओरडून शेजार गोळा केला.

"तशी ती म्हणत होती..." मी सुरू केलं.

"राहू द्या बाबा." ती उठली. "चला. विमानाची वेळ होऊन राहिली."

विमानतळापर्यंत दीड तास आम्ही गाडीत शेजारी बसून होतो. तिनं माझी बॅग उचलली, कागद तपासले, आत जाताना वाकून पाया पडली. म्हणाली, "मी माफ केलं असं समजू नोका. पण सांगतलं ते बरं केलं." मी म्हणालो, "हाव." तिनं पासपोर्ट माझ्या वरच्या खिशात घातला आणि खिशाची गुंडी लावली.

घरी पोचलो, तर बायको दारातच.

"बोलले का?"

"बोललो."

"सरळ बोलले?"

"एकदम सरळ."

तिनं मला गूळ घातलेला चहा दिला, आंघोळीला पाणी काढलं, मोहाच्या फुलांच्या पुऱ्या केल्या. दोन दिवस माझी बडदास्त नव्या जावयासारखी होती. तिला उरलेलं सांगायची हिंमत मला झाली नाही. एक खरं सांगायला मी जपानला गेलो होतो आणि दुसरं लपवून परत आलो होतो.

रविवार आला. पोरीचा फोन रविवारी तिच्या आईला येतो, मला फक्त शेवटी दोन मिनिटं मिळतात, त्यात ती धानाचं विचारते. त्या रविवारी फोन माझा वाजला.

"आई बाजूले आहे का?"

"आहे. देऊ?"

"नोका देऊ. तिले विचारा, चार दिवस भाकर कशी गेली घशाखाली?"

बायको तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असणार.

"तुमी माहं नाव सांगतलं," ती म्हणाली. विचारलं नाही, म्हणाली.

तेव्हापासून आठ महिने झाले. मी ज्याची इतकी धास्ती घेतली होती, ते सगळं उलटंच झालं. पोरगी माझ्याशी बोलते. दर रविवारी, अर्धा-अर्धा तास. आजींचे किस्से सांगते, माझ्या बुटांवरून चिडवते. आईशी बोलत नाही. बायको माझ्याशी कामापुरतंच बोलते. मी तिला घरचा भेदी वाटतो. आणि मी दोघींच्या मधला तारवाला. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. लग्नात कोणी पासपोर्टचं सांगा म्हटलं, की मी खर्रा खायला उठतो.

परवाच्या रविवारी बायको ओट्यावर बसली होती, फोन माझ्या हातात, आवाज बाहेर सोडलेला. तिनं म्हशीकडे तोंड करून, पण जपानपर्यंत जाईल इतक्या जोरात म्हटलं, "तिले म्हना, मी लपवला नव्हता. मी त काढून देल्ला."

फोनमधून आवाज आला, "तिले म्हणा, मी बहिरी नाही. आन देल्ला कवा, ते पण सांगाले सांगा."

"तिले म्हना, तिले पोरगी झाली म्हंजे मालूम पडन."

"तिले म्हणा, मी माझ्या पोरीचा पासपोर्ट ढोलीत नाही ठेवणार."

माझा संयम संपला. मी म्हणालो, "अवो, आवाज चालू आहे ना दोघींचा! मग सरळ एकमेकीशीच बोला ना! मले कायले पिळता?"

"तुमी मदी बोलू नोका!"

दोघी एकदम म्हणाल्या. बायको ओट्यावरून आणि पोरगी फोनमधून.

मी फोन ओट्यावर ठेवला आणि म्हशीला पाणी दाखवायला गेलो. परत आलो, तेव्हा दोघी गप्प होत्या. पण फोन कोणीच बंद केला नव्हता.